आधी खोड मोजा, मग ब्रश कटर घ्या

ब्रश कटर, म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला फिरतं पातं असलेली झुडपं कापायची मशीन, घ्यायचाय, कोणता घेऊ, असं कुणी विचारलं की मी उलट एकच प्रश्न विचारते: तुमच्या झुडपांची खोडं किती जाड आहेत? बहुतेकांना सांगता येत नाही. एकर सांगतात, खिशात किती पैसे आहेत ते सांगतात, "लई माजलंय हो ताई" असंही सांगतात. पण जमिनीपासून वीतभर वर ते खोड बोटाएवढं आहे का मनगटाएवढं, हे कुणी वाकून बघितलेलं नसतं. आणि मशीन, पातं, वजन, पट्टा, सगळं त्या मापावरच ठरतं. मी माझी मशीन घेतली तेव्हा याच क्रमानं गेले, म्हणून सविस्तर लिहिते.

आमची जमीन धारूर तालुक्यात, बालाघाटच्या उतारावर. ओढ्याकाठी थोडी काळी आहे, तिथं सोयाबीन आणि हरभरा. त्याच्या वर चार एकर मुरमाड माळ, आणि माळावर आपसूक उगवलेली सीताफळं. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते या डोंगराळ भागातल्या फळाला. आमच्या माळावरची झाडं कुणी लावलेली नाहीत. शेळ्या-गुरं सीताफळाच्या पाल्याला तोंड लावत नाहीत, पाणी नसलं तरी झाड तग धरतं, म्हणून ती टिकली. पण घाणेरीच्या, म्हणजे टणटणीच्या झुडपाचा पालाही कुणी खात नाही, तो तर जनावराला विषारीच. बुलबुलांनी घाणेरीचं बी टाकायचं आणि शेळ्यांनी येडी बाभळीच्या शेंगा खाऊन लेंड्यांतून तिचं बी पसरायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. शेवटी फळ उतरवायला झाडापर्यंत पोचता येईना. फळ डोळ्यांना दिसतंय, पिकून फुटतंय, पाखरं खातायत, आणि आपण धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उभे.

माणसं लावून तोडावं तर आमच्याकडं एक मोठी अडचण आहे. झुडपं तोडायचा चांगला काळ म्हणजे फळ संपल्यावर, दिवाळीनंतर ते शिवरात्रीपर्यंत. नेमकं तेव्हाच निम्मं गाव ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात गेलेलं असतं. ज्यांच्या हाताला खरा कोयता येतो ती माणसं कारखान्याच्या फडात, आणि गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. आमचे मालक नोकरीमुळं लातूरला, ते रविवारी येणार. म्हणजे मशीन चालवणार मी. ही गोष्ट मी पहिल्या दिवसापासून धरून चालले: जी मशीन मला दोन तास अंगावर वागवता येत नाही ती माझ्या कामाची नाही, मग ती कितीही ताकदीची असो.

मोजायला शिवणकामाचा टेप पुरतो. खोडाभोवती टेप गुंडाळायचा, घेर येईल त्याला साधारण तीननं भागायचं, ती जाडी. घाणेरीच्या एकेका बुडातून दहा-पंधरा फोक निघालेले होते. बरेचसे एक ते दोन सेंटीमीटरचे, जुन्या जाळीत बुडाशी तीन-चारचे. तरवड बारीक. बोराटी दोन-अडीच सेंटीमीटर, पण वाकड्या काट्यांची, साडीत नाहीतर बाहीत अडकली की सोडत नाही. ओढ्याच्या बाजूला निरगुडी, लवचिक. येडी बाभूळ मात्र दोनपासून सहा सेंटीमीटरपर्यंत सगळ्या वयाची, आणि लाकूड टणक. यात सांभाळायचं काय तेही त्याच फेरीत ठरवलं. सीताफळाची लहान रोपं, पळस, हिवर, दोन खैर. त्यांना जुन्या लाल साडीच्या चिंध्या बांधल्या. घाणेरीत गुरफटलेलं हातभर उंचीचं सीताफळाचं रोप मशीनच्या आवाजात आणि चष्म्यातून अजिबात वेगळं दिसत नाही, त्यामुळं चिंधी बांधल्याशिवाय मशीन चालू करू नका, हे माझं कळकळीचं सांगणं आहे.

मापांवरून चित्र स्पष्ट झालं. निम्म्याहून जास्त काम दोन सेंटीमीटरच्या आतलं, बरंचसं दोन ते चारचं, आणि येडी बाभळीची मोजकी खोडं त्याच्या पुढची. त्या मोजक्या खोडांसाठी मशीन निवडायची नाही, असं मी ठरवलं. त्यांना कुऱ्हाड आणि हातकरवत आहे. मशीन चार सेंटीमीटरपर्यंतचं लाकूड दिवसभर, न कण्हता कापेल अशी पाहिजे.

दुकानात यातलं काहीच कुणी विचारत नाही. तिथं पहिला प्रश्न "किती सीसी?" आणि दुसरा "किती बजेट?" मला सांगितलं गेलं, "ताई, बावन्न सीसीची घ्या, काहीबी कापती." भाव दहा हजारांच्या आसपास. मी ती उचलून बघितली. पट्टा लावून, पातं बसवून, टाकी भरून. दुकानात मशीन रिकामी असते, हे लक्षात ठेवा. पेट्रोल, लोखंडी पातं आणि गार्ड चढल्यावर वजन वेगळंच लागतं. दुसरं म्हणजे, सीसी हे सिलेंडरचं आकारमान आहे, ताकद नव्हे. ताकद किलोवॅटमध्ये नाहीतर अश्वशक्तीत लिहितात, आणि मी बघितलेल्या त्या मशीनवर ती छापलेलीच नव्हती. तुलनेला दोन आकडे देते. होंडाचं जीएक्स ३५ हे फोर-स्ट्रोक इंजिन ३५.८ सीसीचं आहे आणि १ किलोवॅटच्या आसपास ताकद देतं. स्टिल कंपनीची एफएस २५० ही टू-स्ट्रोक मशीन ४०.२ सीसीची, १.६ किलोवॅटची, आणि वजन ६.३ किलो, पातं न धरता. सीसीत फरक थोडा, ताकदीत दीडपटीहून जास्त. म्हणून दुकानदाराला किलोवॅट विचारा, आणि वजन किलोत विचारा. दोन्ही आकडे माहितीपत्रकात असतात.

आता पात्याबद्दल, कारण खरी निवड तिथं आहे. इंजिनावर चर्चा करणारे दहा भेटतात, पात्यावर बोलणारा एखादाच.

नायलॉनची दोरी गवतासाठी. कुसळी, मारवेल, कोवळं गाजर गवत, झाडाच्या बुंध्याभोवतीचं बारीक काम. लाकडावर ती फक्त साल सोलते, आणि सीताफळाच्या रोपाची साल सगळीकडून सोलली की ते रोप गेलंच. मी दोरी धुऱ्यावर वापरते, माळावर नाही.

तीन दातांचं जाड पातं, साधारण २५५ किंवा ३०० मिलिमीटर व्यासाचं, हे घाणेरीचं औषध. दोन सेंटीमीटरपर्यंतच्या फोकांसाठी ते बनवलेलंच असतं. घाणेरीच्या जाळीत ते आडवं घुसवायचं नाही. वरून हळूहळू खाली उतरवायचं, म्हणजे जाळी वरून चिरफाळत जाते आणि तुकडे तिथंच पडतात. मात्र पातं कमरेच्या वर उचलायचं नाही. कमरेच्या वर गेलेल्या जाळीला आधी मी लांब दांड्याच्या कोयत्यानं खाली पाडते. या पात्याची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ते घरी कानशीनं धार लावून घेता येतं. आमच्या माळावर मुरमातून दगड वर आलेले आहेत. कितीही सांभाळलं तरी पातं दगडाला लागतंच. तीन दातांचं पातं दगडाला लागलं तर धार मरते, कानस मारली की परत उभं. फक्त तिन्ही दात सारखेच घासायचे, नाहीतर तोल जातो आणि हातांना मुंग्या यायला लागतात.

ऐंशी दातांचं, टोकांना कार्बाइड बसवलेलं पातं दुकानदार हमखास दाखवतात, कारण ते दिसायला करवतीसारखं असतं आणि स्वस्त मशीनबरोबर बऱ्याचदा फुकट येतं. काळ्या जमिनीत, दगड नसलेल्या बांधावर ते छान चालतं, धारही बरेच दिवस टिकते. आमच्यासारख्या दगडाळ माळावर माझं मत त्याच्या विरोधात आहे. कार्बाइड कठीण पण ठिसूळ; दगडावर आपटलं की टोक उडतं, आणि उडालेलं टोक कुठं जाईल याचा नेम नाही. परत घरी धार लावता येत नाही ते वेगळंच.

दोन सेंटीमीटरच्या पुढच्या खोडाला छिन्नीसारख्या दातांचं गोल करवतीचं पातं पाहिजे, २०० ते २२५ मिलिमीटरचं. मध्यम ताकदीच्या मशीनवर ते चार सेंटीमीटरपर्यंत, जास्त ताकदीच्या मशीनवर सातपर्यंत खोड घेतं. एका झटक्यात, फुल रेसवर, डावीकडून. खोड अखंड पडतं, आणि हा फायदा आमच्या घरी फार मोठा आहे, कारण येडी बाभूळ म्हणजे चांगलं सरपण. तीन दातांच्या पात्यानं त्याच्या चिंधड्या होतात, करवतीनं मोळी बांधता येते, फांद्यांची काटी कुंपणाला लावता येते. उलट घाणेरीचं सरपण मला नको असतं, तिचे तुकडे सीताफळाच्या आळ्यात आच्छादन म्हणून पडलेले चांगले. फळं धरलेली घाणेरी मात्र आळ्यात टाकायची नाही, ती बाजूला ढीग करून वाळवायची. म्हणजे तोडलेल्या मालाचं पुढं काय करायचंय यावरूनही पातं ठरतं.

मी दोन पाती घेतली: तीन दातांचं आणि छिन्नी दाताचं. आधी तीन दातांनी घाणेरी, बोराटी, तरवड काढायची. रान उघडं पडलं, खोडं आणि दगड दिसायला लागले की मग करवत चढवायची. घेताना पात्याच्या मधल्या भोकाचं माप बघा. २५.४ आणि २० मिलिमीटर अशी दोन मापं सर्रास मिळतात, आणि "बसतंय की" म्हणून सैल बसवलेलं पातं हा सरळ अपघात आहे. पात्यावर जास्तीत जास्त किती फेरे चालतात ते कोरलेलं असतं, तेही मशीनशी जुळवून बघा. मिनिटाला ७००० फेऱ्यांवर २५५ मिलिमीटरच्या पात्याचं टोक ताशी तीनशे किलोमीटरच्या वर धावत असतं. चीर गेलेलं पातं त्या वेगात काय करेल ते सांगायला नको. मी बसवण्याआधी दर वेळी पातं बोटावर टांगून लोखंडानं वाजवते. खणखणीत आवाज आला तरच बसवते, बद्द वाजलं तर फेकते.

इंटरनेटवर पात्याच्या जागी बसवायचं, लोखंडी साखळीचे तुकडे जोडलेलं एक हेडही विकायला दिसतं, झुडपांचा भुगा करतं म्हणून. ते घेऊ नका. एकमेकांत अडकवलेल्या लोखंडी तुकड्यांच्या अशा हेडवर युरोपीय संघानं २०१२ सालीच बंदी आणली, कारण कडी तुटून उडाली आणि माणूस मेला. आपल्याकडं ते मिळतं म्हणून ते सुरक्षित होत नाही.

आता डावीकडून कापायचं असं मी वर म्हटलं, त्याचं कारण. वरून बघितलं तर पातं घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतं. तुम्ही उभे आहात तिथं सहा, समोर बारा असं घड्याळ पात्यावर कल्पून बघा. डावीकडचा आठ ते अकराचा भाग लाकडात शांतपणे घुसतो. बारा ते तीनचा, म्हणजे समोरून उजवीकडचा भाग टणक खोडाला लागला की पातं लाकूड कापण्याऐवजी त्याला ढकलतं आणि अख्खी मशीन उजवीकडं फेकली जाते, कधी माणसासकट. उतारावर उभं असताना हे झालं तर पाय ठरत नाही. याच्यामुळं दोन गोष्टी आपोआप ठरतात. एक, दांडा सायकलच्या हँडलसारखा, दोन मुठींचा पाहिजे. एकाच गोल कडीच्या हँडलच्या मशीनवर करवतीचं पातं लावायचं नाही. दुसरं, पाठीवर इंजिन आणि वाकणारा पाइप असलेली मशीन लाकडासाठी नाही. गवतासाठी आणि भातखाचराच्या बांधासाठी ती आरामाची असेल, पण झटका बसला की सैल दांड्याचं पातं कुठंही वळू शकतं. लाकडाला सरळ, न वाकणारा दांडा आणि तो अंगाला घट्ट बांधणारा दुहेरी पट्टा हवा. करवतीच्या पात्याचा गार्डही वेगळा असतो, खोड टेकवायला त्याला टेकू असतो. दोरीचा प्लॅस्टिकचा गार्ड करवतीला चालत नाही. मशीनबरोबर कोणता गार्ड देणार ते बिल करायच्या आधी काउंटरवर ठेवायला सांगा.

पट्ट्याबद्दल मला बायांसाठी मुद्दाम लिहायचंय. आमच्या भागात शेतातलं निम्म्याहून जास्त काम बाया करतात, आणि मशीन मात्र गड्याच्या मापाची येते. एका खांद्यावरचा साधा पट्टा माझ्या मानेशी घासायचा आणि सगळं वजन एकीकडं. दोन्ही खांद्यांवरचा, कमरेला आणि छातीपुढं बकल असलेला पट्टा लावल्यावर वजन कमरेवर उतरलं, आणि काम करताना हात फक्त दिशा द्यायला उरले. पट्टा इतका आवळता आला पाहिजे की अडकवायचा हूक उजव्या कमरेच्या हाडाच्या थोडा खाली येईल आणि सोडून दिलं तर पातं जमिनीपासून चार बोटं वर तरंगत राहील. दुकानातच हे करून बघा. तिथं दोन माणसं बघत उभी राहतील, राहू द्या. पटकन सुटायची कळ कुठं आहे तेही अंगावर घालून, डोळे मिटून शोधा. पाय घसरला, आग लागली, मधमाश्या उठल्या तर एका हातानं मशीन अंगावरून सुटली पाहिजे. आणि दोरी ओढून चालू करून बघा, थंड इंजिन, स्वतःच्या हातानं. दुकानदारानं चालू करून दाखवलेली मशीन माळावर आपल्याला चालू करता येईलच असं नाही. काही मशीनना हलकं ओढून चालू होण्यासाठी स्प्रिंगची सोय असते, तिचे थोडे जास्त पैसे द्यावेत असं मला वाटतं.

अंगावर मी मालकांचा जुना जाड फुलबाह्यांचा शर्ट, जीन्स आणि पायात लोखंडी टोकाचे बूट घालते. साडी किंवा ओढणी या मशीनजवळ नको. डोळ्यांना चष्मा आणि त्यावर जाळीचा पडदा, कानाला मफ. आवाज पंचाण्णव डेसिबलच्या पुढं जातो, रोज ऐकला तर कान जातात. माझ्यापासून पंधरा मीटरच्या आत कुणी यायचं नाही, हा नियम आबांनाही लागू आहे. आबा म्हणजे माझे सासरे. ते चहा घेऊन येतात, धुऱ्यावर थांबून हात हलवतात, मी मशीन बंद केल्यावरच पुढं येतात.

टू-स्ट्रोक का फोर-स्ट्रोक, यावर फार वाद घालतात, मला त्यात फारसं दम वाटत नाही. फोर-स्ट्रोकला तेल पेट्रोलमध्ये मिसळावं लागत नाही, धूर आणि आवाज कमी, पेट्रोलही कमी पितं. पण त्याच्या पोटात जेमतेम १०० मिलिलिटर तेल असतं आणि ते दर वेळी बघावं लागतं. टू-स्ट्रोक तेवढ्याच वजनात जास्त ताकद देतं, आणि टणक लाकडाला तीच लागते. पण मिश्रण बरोबर हवं. चांगल्या टू-स्ट्रोक तेलाला लिटरला २० मिलिलिटर, बऱ्याच स्वस्त मशीनना लिटरला ४०. पुस्तिकेत लिहिलं असेल ते. मोटारसायकलचं इंजिन ऑइल ओतायचं नाही. मशीन अनेकांच्या हातात जाणार असेल, सालगडी, भाचा, शेजारी, आणि कोण काय ओतेल याचा भरवसा नसेल, तर फोर-स्ट्रोक घ्या. माझी मशीन फक्त मी चालवते, मिश्रण मीच औषधाच्या मापानं करते, म्हणून मी चाळीस सीसीची टू-स्ट्रोक घेतली. स्वस्त मशीनच्या तिप्पट-चौपट पैसे गेले. बचत गटातून उचल घेतली, सीताफळाच्या हंगामावर फेडली. एवढे पैसे एकट्यानं घालायची गरज नसेल तर दोन-तीन घरांनी मिळून घ्यावी, कारण वर्षातले फार थोडे आठवडे ती लागते. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून अनुदानासाठी अर्ज करणार असाल तर पूर्वसंमती आल्याशिवाय बिल करू नका, आधी घेतलेल्या मशीनला अनुदान मिळत नाही.

बॅटरीच्या मशीनबद्दल बाया हमखास विचारतात, कारण त्या हलक्या असतात. ऑनलाइन दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या पात्यांच्या छोट्या मशीन अंगणातल्या गवतासाठी आहेत, घाणेरीसाठी नाहीत. लाकूड कापणाऱ्या बॅटरीच्या मशीन असतात, पण महाग, आणि आमच्या माळावर चार्जिंगला वीज नाही.

सुट्या भागांचं मात्र नक्की विचारा. गिअर हेड, क्लच, स्टार्टरची दोरी, एअर फिल्टर, प्लग, कार्बोरेटरचा पडदा हे केजला नाहीतर अंबाजोगाईला मिळतं का? ऐन मोसमात पंधरा दिवस मशीन कुरिअरच्या वाटेकडं डोळे लावून पडली तर तेवढ्यात तोडायचा काळ निघून जातो. घ्यायच्या आधी मी दुरुस्ती करणाऱ्या मेकॅनिककडं जाऊन विचारलं होतं की दादा, तुमच्याकडं कोणत्या कंपनीच्या मशीनचं सामान नेहमी असतं. त्याच्या उत्तराला मी माहितीपत्रकापेक्षा जास्त वजन दिलं.

मशीन कितीही चांगली असो, ती जमिनीच्या वरचंच काम करते. घाणेरी आणि येडी बाभूळ दोन्ही बुडातून फुटतात, आणि एका फोकाच्या जागी पाच येतात. येडी बाभूळ भारतात १८७० च्या दशकात आणली गेली ती कोरड्या भागात सरपण व्हावं म्हणून, आणि तोडल्यावर पुन्हा फुटणं हा तेव्हा तिचा गुणच होता. तिचं बूड मातीखाली वीतभर खणून काढल्याशिवाय ती जात नाही. घाणेरीसाठी दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेटच्या जंगलात एक पद्धत वापरली: मुख्य मूळ मातीच्या थोडंसं खाली, जिथून फूट येते त्या भागाच्या खालून तोडायचं आणि बूड उलटं करून ठेवायचं. मी तेच करते. मशीननं वरचा पसारा काढला की बूड उघडं पडतं, मग टिकावाचा एक घाव तिरपा घातला की उलटतं. जाळी उभी असताना त्या बुडापर्यंत माणूस पोचूच शकत नाही, मशीनचा खरा उपयोग हा. त्यामुळं मशीनच्या पैशात एका चांगल्या टिकावाचे पैसे धरा. आणि जी बुडं लगेच खणायची नाहीत ती आडवी, सपाट कापा. तिरपं कापलेलं येडी बाभळीचं खुंट बुटातून पायात जातं.

पुढच्या पावसाळ्यात, आषाढाच्या सुमारास, राहिलेल्या बुडांना फूट येते. ती हातभर व्हायच्या आत, ओल्या मातीत, खुरप्यानं किंवा टिकावानं काढायची. तेव्हा मशीनची गरज पडत नाही.

उन्हाळ्यात मी मशीन माळावर नेत नाही. फाल्गुनानंतर कुसळी वाळलेली असते, सायलेन्सर तापलेला असतो, आणि मशीन गवतात टेकवली की पेट घ्यायला वेळ लागत नाही. हिवाळ्यातही पेट्रोल भरायला मी मोकळ्या खडकावर येते, इंजिन गार होईपर्यंत थांबते. जाळीत शिरायच्या आधी लांब काठीनं झोडपून घेते. आमच्याकडं घोणस आणि फुरसं दोन्ही आहेत, फुरसं तर दगडांतच राहतं. मशीनच्या आवाजानं साप पळतात यावर विसंबू नका. मोहोळ दिसलं तर ती जाळी त्या दिवशी सोडून द्यायची. होला नाहीतर बुलबुल अंड्यांवर बसलेला दिसला तरी मी सोडते, महिन्यानं परत येते. एवढ्या माळात एक जाळी महिनाभर उभी राहिली तर काही बिघडत नाही.

काम संपल्यावर एअर फिल्टर धुऊन वाळवायचा, कारण घाणेरीचा आणि मुरमाचा बारीक धुरळा त्यात बसतो. गिअर हेडमध्ये वीस-पंचवीस तासांच्या कामानंतर ग्रीस. मोसम संपला की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओल धरतं आणि पावसाळाभर कार्बोरेटरमध्ये राहिलं तर पडदा खराब होतो. आणि पातं काढताना घ्यायची एक खबरदारी: त्याचा नट उलट्या आट्याचा असतो, उजवीकडं फिरवला की सुटतो. गिअर हेडच्या भोकात अडकवायची सळई मशीनबरोबर येते, ती पान्याला दोरीनं बांधून ठेवा. माळावर कुसळीत पडली तर सापडत नाही, आणि तिच्याशिवाय पातं बदलता येत नाही.